आधी स्केल, मग प्रश्न?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

चार वर्षांच्या डिग्रीमुळे आता बीएच्या मुलांनाही रिसर्च करता येणारे, यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा थिसिस घेता येतो. छानच आहे. पण सायकॉलॉजीत सुरुवात कशी होते ते सांगते, मी आत्ताच त्यातून गेलेय.

टीवायला प्रोजेक्ट होता. विषय काय घ्यायचा याच्या आधी सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठली स्केल, म्हणजे मनातलं काहीतरी मोजायची तयार प्रश्नावली, फुकट मिळते? मीपण तेच केलं. रोझेनबर्गची आत्मसन्मानाची स्केल, १९६५ची, दहाच वाक्यं, सीनियरकडे होतीच, तिला मोबाइलचा वापर जोडला आणि झाला विषय. सरांनी विचारलं शंभर फॉर्म होतील ना, शंभरच का ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, "प्लीज भरा ना, दोनच मिनिटं लागतात", भरला कोणी तर माझ्याच मैत्रिणींनी.

मराठी भाषांतर मीच केलेलं, ते आज्जीला वाचून दाखवलं. त्यात स्वतःबद्दल आणखी आदर असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं वाक्य आहे. आज्जी म्हणाली, "लिही, पूर्ण सहमत." का गं? तर म्हणे, "मान कोणाला नको असतो?" आता या वाक्याला हो म्हटलं की आत्मसन्मान कमी धरतात! आणि आमच्या घरात आज्जीपुढे कोणाची बोलायची टाप नाही. नंतर कळलं की ५३ देशांत ही स्केल वापरून २००५ साली आलेल्या अभ्यासातही अशी उलटी वाक्यं देशोदेशी वेगवेगळी समजली गेली होती. हे मला फॉर्म भरून झाल्यावर कळलं.

शंभरचंही तसंच. दोन गटांची तुलना करायची असेल तर नेहमीच्या ८० टक्के पॉवरला (म्हणजे खरंच फरक असेल तर तो सापडायची शक्यता), फरक मध्यम धरला तर एका गटात ६४ माणसं लागतात, फरक लहान असेल तर जवळपास चारशे. हे काढायचं जी-पॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पाच मिनिटांत आकडा येतो, पण त्याला आधी प्रश्न लागतो ना. आमच्या अभ्यासिकेत निम्मी मुलं फोन टेबलावर उलटा ठेवतात, निम्मी बॅगेत, कोणाचं वाचन जास्त होतं? हा प्रश्न रोज समोर बसलेला आणि मी स्केल शोधत होते.

वर्गातल्या एकीने अकरावीच्या मुलांकडून फॉर्म भरून घेतले, १८च्या खालच्यांना पालकांची संमती लागते हे शेवटच्या महिन्यात कळलं, सगळा डेटा गेला.

कॉलेजांना एवढीच विनंती, विषय जूनमध्येच ठरवायला लावा आणि जुने प्रोजेक्ट कपाटाबाहेर काढा, दरवर्षी प्रत्येक बॅच त्याच दहा वाक्यांचं नव्याने भाषांतर करतेय. माझंही तिथेच असेल, आज्जीच्या वाक्यासकट.

– मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी, सातारा