रन संपल्यावर बंद पडणारा फॅन कंट्रोलर : पैसे परत मिळण्याबाबत आणि मॅन्युअल दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
कस्टमर सपोर्ट, आणि शक्य असेल तर ज्यांनी हा कंट्रोलर बनवलाय ते इंजिनियर

नमस्कार,

तुमचा रेडिएटर फॅन कंट्रोलर, तो इंजिन बंद केल्यावरही पाच मिनिटं पंखा चालू ठेवतो म्हणून सांगितलेला, मी मार्चमध्ये तुमच्याच वेबसाईटवरून 6,490 रुपयांना घेतला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आमच्या गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं. त्यानंतर मी तुम्हाला दोन ईमेल केले, फोटो पाठवले, बिल पाठवलं, आणि तुमच्याकडून उत्तर आलं तीन ओळींचं, की गाडी रेसिंगला वापरली त्यामुळे वॉरंटी लागू नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितेय, लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

मी आणि माझा दादा एकाच गाडीवर ऑटोक्रॉस करतो, म्हणजे छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर एकेकट्याने वेळ लावून गाडी पळवायची, अशा एका फेरीला रन म्हणतात. गाडी जुनी मारुती इस्टीम, 1298 सीसी, आमच्या बाबांनी वापरलेली, आणि आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी आम्ही दोघं तिच्यावर मेहनत घेतो. एकच गाडी दोघांत असल्यामुळे दादाचा रन झाला की सात-आठ मिनिटांत माझा असतो. ज्याची स्वतःची गाडी असते त्याला मध्ये तास-दीड तास मिळतो, गाडी सावलीत लावून बॉनेट उघडून ठेवली की झालं, आम्हाला तेवढा वेळ कधीच मिळत नाही. मातीच्या ट्रॅकवर दीड मिनिट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, स्पीड एवढा नाही की रेडिएटरच्या जाळीतून भरपूर वारा जाईल, वर एप्रिलचं ऊन. त्यामुळे आमच्यासाठी खरी काळजी रनमध्ये नसते, दोन रनच्या मधल्या त्या सात मिनिटांची असते, आणि तुमची जाहिरात नेमकी त्या सात मिनिटांबद्दल होती. तुमच्या पानावर अजूनही लिहिलंय बघा, ऑटोक्रॉस, ट्रॅक डे, ड्रॅग, "रन संपला, इंजिन बंद करा, बाकीचं आमच्यावर सोडा". हे वाचूनच मी घेतला.

तुमचा डबा (म्हणजे हा कंट्रोलर) येण्याआधी आम्ही काय करायचो ते सांगते, कारण त्यात तीन वर्षांत गाडी एकदाही उकळली नव्हती. दादाने डॅशबोर्डखाली एक साधा स्विच आणि रिले लावला होता, पंखा सरळ बॅटरीवर. रन संपला की परत येताना गाडी हळू आणायची, हीटर फुल करायचा (एप्रिलमध्ये हेल्मेट घालून हीटर लावणं म्हणजे काय हाल असतात ते करून बघा, पण हीटरची छोटी जाळी म्हणजे दुसरा रेडिएटरच, तेवढी उष्णता ती ओढून घेते), जागेवर आलो की इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दीड मिनिट आयडलवर ठेवायचं, पंखा चालू, बॉनेट उघडं, आणि मी शेतात औषध मारायचा पाठीवरचा पंप, नवाकोरा, फक्त यासाठीच घेतलेला, त्याने जाळीवर बारीक फवारा मारायचे. पाणी फक्त जाळीवर, इंजिनवर किंवा मॅनिफोल्डवर अजिबात नाही, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जातो. माठातलं पाणी गार का होतं तेच इथे, एक लिटर पाणी नुसतं दहा डिग्रीने तापायला 42 किलोज्यूल घेतं आणि तेच पाणी वाफ होऊन जाताना 2,250 च्या वर घेऊन जातं, म्हणून बादली ओतण्यापेक्षा बारीक फवारा कितीतरी भारी पडतो. मग इंजिन बंद आणि पंखा चालू. बॅटरी उतरेल म्हणून लोक घाबरवायचे, पण आमचा पंखा 8 अँपियर घेतो, पाच मिनिटांचा हिशोब केला तर एक अँपियर-तास पण होत नाही आणि बॅटरी 35 अँपियर-तासांची आहे.

मग एवढं सगळं चालू असताना डबा का घेतला? कारण स्विच बंद करायचा राहून जायचा, किंवा घाईत चालू करायचा राहून जायचा, आणि दोन ड्रायव्हरमध्ये "मला वाटलं तू केलास" हे ठरलेलं. तुमचा कंट्रोलर स्वतः टेंपरेचर बघून 90 डिग्रीला पंखा चालू करणार, 84 ला बंद करणार आणि इंजिन बंद झाल्यावर पाच मिनिटं सांभाळणार, मला ते मनापासून आवडलं होतं. फिटिंग आमच्या नेहमीच्या वायरिंगवाल्या काकांकडून करून घेतलं, मॅन्युअलमधल्या चित्रात दाखवलंय तसंच, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, प्रोब (टेंपरेचर मोजणारी सळी) वरच्या होजजवळ जाळीत. रिले-स्विच काढून टाकला. तो काढला याचं मला आज फार वाईट वाटतं.

त्या रविवारी दादाचा दुसरा रन सव्वाबाराच्या सुमारास संपला. तो आला आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं लगेच इंजिन बंद केलं. पंखा चालू राहिला, आम्ही खूश. मी हार्नेस (रेसिंगचा सीट बेल्ट) लहान करून घेत होते (दादा माझ्यापेक्षा बराच आडवा आहे) आणि ते करताना अचानक लक्षात आलं की शांत झालंय. पंखा थांबला होता. मिनिटसुद्धा झालं नसेल. डब्यावरचा लाल दिवा फुलबाजीसारखा लुकलुकत होता. दादा म्हणाला गार झालं असेल म्हणून बंद झाला असेल. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की लाल लुकलुकणं म्हणजे कंट्रोलर स्वतःच जास्त तापलाय, ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर एका ओळीत आहे, आणि तिथेही असं कुठे लिहिलेलं नाही की त्या वेळात पंखा चालणारच नाही.

मार्शलने बोलावलं, मी गाडी चालू केली, काटा अर्ध्याच्या वर होता. हे मी लपवत नाही. काटा वर होता हे मी पाहिलं आणि तरी स्टार्टला गेले, कारण मला वाटलं इंजिन चालू झालं की पंखा लागेल आणि खाली येईल. तो लागला नाही, कारण डबा अजून तापलेलाच. तिसऱ्या वळणाला गाडी ओढेना, म्हणजे पाय पूर्ण खाली आणि गाडी वर चढणाऱ्या टेंपोसारखी, आणि पाचव्या वळणाला बॉनेटच्या कडेतून पांढरी वाफ. मी बाजूला घेऊन बंद केली. गोड-गोड कुलंटचा वास अख्ख्या गाडीत. दादा पळत आला, पहिली गोष्ट त्याने ही केली की रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेल्या एका माणसाचा हात धरला. 0.9 बारचं झाकण दाबाखाली आतलं पाणी 118 डिग्रीपर्यंतसुद्धा उकळू देत नाही, ते उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. त्या दिवशी कोणी भाजलं नाही याचं समाधान आहे.

हेड अॅल्युमिनियमचं, वाकलं. मिस्त्रींनी पट्टी ठेवून दाखवलं, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये पट्टीखालून उजेड दिसत होता. गॅस्केट तिथेच जळालेलं.

आता तुम्ही म्हणाल की जाळी चोंदली असेल, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल, पंखा गेला असेल. हे सगळं मिस्त्रींनी तपासलंय. जाळी मी आदल्या रात्री मागून पुढे पाणी मारून धुतली होती, थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघितला, व्यवस्थित उघडतो, पंखा सरळ बॅटरीला लावला की फिरतो. मग राहिला तुमचा डबा. इंजिन परत बसल्यावर आम्ही एका रविवारी तीच परिस्थिती करून बघितली, आणि तुमच्या इंजिनियरनी हा भाग नीट वाचावा ही विनंती.

थर्मामीटर गन आणली. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती गन खोटं कमी दाखवते म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि तुमच्या डब्यावर मॅट काळ्या पेंटचे ठिपके मारले. गाडी घाटात जोरात चालवून आणली आणि आल्याआल्या इंजिन बंद केलं, तुमच्या मॅन्युअलप्रमाणे. थर्मोस्टॅटचं घर 91. पंखा चालू. पन्नास सेकंदांनी पंखा बंद, लाल दिवा, डब्याचं कव्हर 77. चार मिनिटांनी थर्मोस्टॅटचं घर 106. म्हणजे इंजिन बंद केल्यावर गार होत नव्हतं, तापत होतं.

मग डबा गार होऊ दिला आणि तो लांब वायरीने केबिनमध्ये डॅशबोर्डखाली ठेवून परत तेच केलं. या वेळी पंखा पूर्ण पाच मिनिटं चालला, दिवा हिरवा. पण तरीसुद्धा थर्मोस्टॅटचं घर 102 ला गेलं, आणि रेडिएटरची टाकी मात्र 68 ला आली! आता हे का झालं ते आमच्या मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं, "पंप बेल्टवर आहे ताई, इंजिन थांबलं की पाणी थांबलं." हेडमध्ये साठलेली उष्णता तिथल्या तिथे पाण्यात उतरते, ते पाणी जाळीपर्यंत येतच नाही, पंखा बिचारा जाळीतलं गार पाणीच अजून गार करत बसतो आणि तुमचा प्रोब जाळीत असल्यामुळे त्याला वाटतं सगळं छान आहे.

तिसऱ्यांदा आमच्या जुन्या पद्धतीने केलं. दीड मिनिट आयडल, पंखा चालू, फवारा, मग बंद. सगळ्यात वर गेलं ते 93.

म्हणजे तुमच्या दोन चुका आहेत. डबा लावायची जागा तुम्ही अशी सांगितली की जिथे तो स्वतःच तापून बंद पडतो, आणि वर रन संपल्यासंपल्या इंजिन बंद करायला सांगितलं, जे ज्या गाडीचा वॉटर पंप बेल्टवर चालतो तिला चालतच नाही, आणि तुमच्या पानावरच्या यादीतल्या जवळपास सगळ्या गाड्या तशाच आहेत. इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीला हे वाक्य चालेल, आमच्यासारख्यांना नाही. अजून एक, जे मला सगळ्यात जास्त खटकलं. कंट्रोलर बिघडला किंवा तापला तर पंखा चालू राहायला पाहिजे, बंद नाही. कितीतरी कंपनीच्या गाड्यांत टेंपरेचर सेन्सरची वायर काढली तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंखा सतत फिरवत ठेवतो, आवाज येतो, पण इंजिन वाचतं. तुमच्या डब्यात उलटं आहे. एक रिले जास्त लागला असता.

आणि रेसिंगला वापरलं म्हणून वॉरंटी नाही हे मला मान्य नाही. ऑटोक्रॉससाठी म्हणून विकायचं आणि ऑटोक्रॉसला वापरलं म्हणून हात वर करायचे, हे बरोबर नाही. तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट माझ्याकडे आहेत.

माझी मागणी सरळ आहे. कंट्रोलरचे 6,490 रुपये पूर्ण परत. हेडच्या कामाचं बिल 12,700 झालं, त्यात फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, हेड बोल्ट, ऑईल, कुलंट, मजुरी सगळं आलं, बिल सोबत जोडलंय. त्यातले मी निम्मे म्हणजे 6,350 मागतेय, पूर्ण नाही, कारण काटा वर बघूनही मी निघाले आणि त्याचं निम्मं ओझं माझंच आहे. एंट्री फी वगैरे काही मागत नाही. पण मॅन्युअलमधलं ते चित्र आणि "इंजिन बंद करा" हे वाक्य बदला, आणि ज्यांनी ज्यांनी हा डबा घेतलाय त्यांना एक ईमेल पाठवा की डबा केबिनमध्ये लावा आणि आधी आयडलवर गार करा. पैशांपेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पुढचा सीझन यायच्या आत कोणाचं तरी इंजिन यामुळे जाईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर मी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवीन आणि तिथूनही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण लागत नाही, हे मी बघून ठेवलंय. तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण वस्तू वाईट नाहीये, केबिनमध्ये ती पाच मिनिटं नीट चालली हे मी स्वतः पाहिलंय.

डबा काढून प्रोबसकट मूळ खोक्यात ठेवलाय, काळा ठिपका तसाच आहे. तुमच्या इंजिनियरना तपासायला हवा असेल तर कुरिअर तुमच्या बाजूने पाठवा, मी संध्याकाळी सातनंतर घरी असते.

तुमची ग्राहक
(ऑर्डर नंबर जोडलेल्या बिलावर आहे)