पडद्यावरची हळद आणि कागदावरची हळद

आर्वी

चि. पूर्वास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा स्टुडिओत गिऱ्हाईक होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. फोटोच्या कामासाठी तू १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घ्यायचा म्हणत होतीस. बेटा, ते गेम खेळणाऱ्याच्या कामाचं. स्थिर फोटोच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही.

मागच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. शेजारच्या गावातल्या लग्नाचा अल्बम मी रात्री जागून केला. पडद्यावर नवरीच्या गालावरची हळद अशी उजळली होती की मीच खूश झालो. अल्बम छापून आला तर हळदीची माती झालेली, शालूचे काठ काळे. नवरीच्या वडिलांनी पानं उलटली आणि काही न बोलता मिटून ठेवला. मी पूर्ण अल्बम पुन्हा छापून दिला. लॅबची चूक नव्हती. माझा ब्राइटनेस पुरता चढवलेला होता, त्यामुळे फोटो आहेत त्याहून उजळ दिसायचे आणि मी ते आणखी गडद करत राहायचो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो ना! डार्करूममध्ये ओल्या प्रिंटवरून मी कधी निर्णय घेतला नाही, वाळल्यावर ती काळवंडते हे ठाऊक होतं. पडद्यापुढे मात्र विसरलो. आता ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) वर नेत नाही.

तू आयपीएस प्रकारच्या पॅनलचा मॉनिटरच घे. टीएन या दुसऱ्या प्रकारात मान जरा हलवली की रंग बदलतो. एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठी ठरलेला नेहमीचा रंगांचा संच, ९९-१०० टक्के हवं. स्वस्तातल्या पडद्यावर '४५ टक्के एनटीएससी' (टीव्हीच्या रंगांचं जुनं माप) लिहिलेलं असतं, त्यात एसआरजीबीचे साधारण साठेक टक्केच रंग येतात. शालूचा लाल तिथेच मरतो. अ‍ॅडोबी आरजीबीवाला, म्हणजे त्याहून मोठ्या रंगसंचाचा, महाग पडतो. त्यात हिरवे-निळसर रंग जास्त मिळतात खरे, पण तुझी लॅब एसआरजीबी जेपेग मागते, मग सध्या कशाला? २७ ऐवजी २४ इंची घे आणि उरलेल्या पैशांत कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून नीट लावणारं यंत्र, घे. यावर मी अडून बसणार आहे. डब्यातल्या रिपोर्टवर डेल्टा ई (रंग किती चुकतो त्याचं माप) दोनच्या आत असला तरी वापरता वापरता पडद्याचा रंग सरकतो. महिन्यातून एकदा, पडदा अर्धा तास चालू ठेवून, पांढरा रंग ६५०० केल्विनवर आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा, २.२ वर लावून घेत जा.

आणि तुझ्या खोलीची ती पोपटी भिंत! तिचा उजेड डोळ्यांना फसवतो. मॉनिटरच्या मागे राखाडी कापडाचा पडदा लाव.

दुकानात मॉनिटर भडक मोडवर ठेवलेले असतात. एसआरजीबी मोड लावायला सांग आणि आपलीच फाइल उघड. त्या नवरीची फाइल मी तुला पाठवली आहे, तिची दुसऱ्यांदा छापलेली, बरोबर आलेली प्रिंट या पाकिटात आहे. दाराशी, दिवसाच्या उजेडात धरून ताडून पाहा. प्रिंट दुमडू नकोस, तेवढी एकच उरली आहे.

तुझे
बाबा