मेक्सिकोची कला फ्रिदापाशी संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मेक्सिकन कलेवरचा लेख आवडला. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे यांना चित्रकार दिएगो रिवेरांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर पाव वाटताना रंगवले, हे त्यात आवर्जून सांगितले होते. मात्र लेख रिवेरा आणि फ्रिदा काहलो या चित्रकारांपाशीच थांबला. आजचा मेक्सिको कळायचा तर त्यापुढे जायला हवे.

१९८०च्या दशकात तिथे राष्ट्रीय प्रतीकांनी भरलेल्या चित्रांना चांगली मागणी होती. मांडणशिल्प (वस्तू जागेत मांडून केलेली कलाकृती), व्हिडिओ असे काही करणाऱ्या तरुणांना जागा मिळणे अवघड होते. मग त्यांनी ती स्वतःच उभी केली. १९९३ मध्ये मेक्सिको सिटीच्या पोलांको भागातल्या एका घरात ‘तेमिस्तोक्लेस ४४’ ही कलावंतांनी चालवलेली जागा सुरू झाली. अब्राहाम क्रूसविजेगास, एदुआर्दो आबारोआ हे कलावंत त्यातलेच. पुढच्याच वर्षी योशुआ ओकोन आणि मिगेल काल्देरोन या विशीतल्या दोघा कलावंतांनी त्याच शहरातल्या कोंदेसा भागात एका जुन्या बेकरीत गॅलरी थाटली, ‘ला पानादेरिया’. त्याच डिसेंबरात मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले, तरी ती २००२ पर्यंत चालली. प्रदर्शने, गाण्याचे कार्यक्रम, परदेशी कलावंतांचा राबता, सगळे तिथे एकत्र नांदले. ओकोन यांनी २००९ मध्ये इतर कलावंतांसह ‘सोमा’ ही कलाशाळा काढली, तिची मुळे मला या बेकरीतच दिसतात.

व्यापारी गॅलरीनेही या पिढीकडून धडा घेतला. कलावंत गाब्रिएल ओरोस्को यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या ‘कुरीमान्सुत्तो’ या गॅलरीचे १९९९ मधले पहिले प्रदर्शन मेक्सिको सिटीच्या मेदेयीन बाजारातल्या गाळ्यावर भरले होते, फळे-भाज्यांच्या शेजारी.

मी कलाशिक्षिका आहे. जी.डी. आर्ट ही कलेची पदविका करून बाहेर पडलेली आमची गुणी मुले मुंबईतल्या एखाद्या गॅलरीची तारीख मिळावी म्हणून वर्षानुवर्षे थांबतात, आणि त्या थांबण्यात कितीतरी जणांचे काम सुटते. कलावंतांनी चालवलेल्या जागेत विक्री होवो न होवो, सोबतचे लोक काम पाहतात, तोंडावर वाद घालतात, आणि पुढचे काम सुचते. मला हे फार मोलाचे वाटते.

म्हणून विनंती, या गॅलऱ्यांवर स्वतंत्र लेख छापावा. सोबत फ्रिदाच्या चेहऱ्याऐवजी या कलावंतांच्या कामांची छायाचित्रे द्यावीत. वर्गात लावायला मला त्यांचा उपयोग होईल.

आपली,
एक कलाशिक्षिका, कोल्हापूर