सूचना: टर्मिनल गेम रविवारपर्यंत जमा करा

सर्व सदस्यांना नमस्कार,

टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणारे आपापले गेम येत्या रविवारी रात्रीपर्यंत ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाकायचे आहेत. आकडा ओळखा, फुली-गोळा, साप, काहीही चालेल. छोटा असला तरी पूर्ण झालेला गेम हवा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नक्की तपासा. सापासारख्या गेममध्ये एंटरची वाट न बघता बटण वाचायचं असतं. त्यासाठी आपण टर्मिनलची सेटिंग्ज बदलतो, टाइप केलेली अक्षरं दिसणंही बंद करतो. गेम मध्येच कोसळला की टर्मिनल तसंच राहतं. कितीही टाइप करा, स्क्रीनवर काही उमटत नाही. नवख्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटरच बिघडला. (लिनक्स किंवा मॅकवर असं झालं तर अक्षरं दिसली नाहीत तरी 'reset' (रीसेट) ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा.) पायथॉनमध्ये कर्सेस (टर्मिनलची स्क्रीन आणि बटणं हाताळणारं मॉड्यूल, curses) वापरत असाल तर मुख्य फंक्शन त्यातल्या रॅपर (curses.wrapper) या फंक्शनमधूनच चालवा, एरर आली तरी ते टर्मिनल पूर्ववत करतं. विंडोजवरच्या पायथॉनसोबत कर्सेस येत नाही, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. हे रीडमी फाइलमध्ये (गेमसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहाच.

स्क्रीन लुकलुकत असेल तर दर वेळी सगळी पुसू नका. फक्त बदललेल्या जागा पुन्हा लिहा: सापाचं नवं डोकं आणि मोकळी झालेली शेपटीची जागा, बस्स. मांडणी ८० बाय २४ मध्ये (८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच) बसवा.

सोमवारपासून एकमेकांचे गेम खेळून बघा आणि कुठे अडलं ते थेट त्या सदस्याला कळवा.