काकू, तुमच्या कुंडीसाठी थँक्यू

काकू, हे घरी येऊनही सांगता आलं असतं, पण त्या दिवशी जे हॉलमध्ये नव्हते त्यांनाही कळू दे म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या बुग्याळांवरच्या, म्हणजे उंच डोंगरावरच्या गवताळ कुरणांवरच्या, माझ्या कामाबद्दल नौपाड्यात आपल्या सोसायटीत बोलायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे नुसते ग्राफ होते, आणि आदल्या रात्री तुम्ही स्वयंपाक आवरून सगळं ऐकत बसलात आणि मधेच म्हणालात, "अगं अल्पाइन अल्पाइन काय, झाडं संपतात आणि नुसतं गवत न फुलं उरतात तिथलं म्हण की." दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं तर मागून एका आजोबांनी लगेच विचारलं, कासच्या पठारासारखं का? म्हटलं दिसायला हो, पण कासला कातळावर मातीच पातळ म्हणून झाडं नाहीत, तिकडे सव्वातीन-साडेतीन हजार मीटरच्या वर थंडीमुळे, उन्हाळाच इतका छोटा की झाडाला वाढायला वेळ पुरत नाही.

पण खरं थँक्यू कुंडीसाठी. दर पावसाळ्यात तुमचं ब्रह्मकमळ उमललं की तुम्ही हळदकुंकू वाहता, अख्ख्या विंगला बोलावता, आणि त्या दिवशी त्याच कुंडीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणालात, "हे हिमालयातलं नाही बरं का, हा मेक्सिकोकडचा निवडुंग, खरं कसं असतं ते आता ही सांगेल." माझी हिंमतच झाली नसती, कुणाच्या श्रद्धेला लागेल म्हणून. तुम्ही बोललात म्हणून कुणाला लागलं नाही.

मग हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाचे फोटो दाखवले तेव्हा सगळे पुढे सरकले. सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल, बाहेरून पिवळट-हिरवी कागदासारखी पातळ पानं मिटलेली आणि आत जांभळ्या फुलांचे गुच्छ, त्या पानांच्या आडोशाने आतल्या फुलांना ऊब मिळते. केदारनाथ-बद्रीनाथला ते वाहतात, औषधालाही काढतात, आणि बी धरायच्या आधीच खुडलं तर पुढचं रोप येणार कुठून? हे ऐकून चारधामला निघालेल्या तिघीजणींना तुम्ही तिथेच सांगितलंत, विकत घेऊ नका गं, मनानेच वाहा. दोन वर्षं मी डोंगरावर एक बाय एक मीटरच्या चौकोनात बसून रोपं मोजली, त्याचा असा उपयोग होताना मी पहिल्यांदा पाहिला.

कुंडीत अजून दोन कळ्या आहेत ना? उमलतील त्या रात्री बेल मारा, कितीही वाजले असले तरी येते.