माटोळी पुढच्या वर्षी बांध

डिचोली, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

कुवेतहून परतलेल्या बापाच्या घरावरच्या तुझ्या कादंबरीचा मसुदा दोनदा वाचला. मारहाणीची पाने तू फार जपून लिहिली आहेस, त्यांना हात लावू नकोस. माझी हरकत शेवटच्या बारा पानांना आहे. दीडशे पाने जे घर मोडत गेले ते बापाच्या एका रडण्यावर सावरते. मारणारा माणूस मारून झाल्यावर रडतोच, बाय. ते रडणे त्याच फेऱ्यातले, आणि पुढचा मार त्याच्या मागोमाग येतो. तो पालटला हे दाखवायचे तर बायको ‘नाही’ म्हणाली तेव्हा तो काय करतो ते लिही. सोप्यावर निमूट झोपतो का, पासबुक तिच्या हाती देतो का, आणि पिऊन आला त्या रात्रीही ते टिकते का. तिने क्षमा केलीच पाहिजे असे मुळीच नाही.

घरात आधी निर्धास्तपणा येतो, मग झोप आणि जेवण, बोलणे सगळ्यांत शेवटी. तू बाप परतला त्याच रात्री सगळ्यांना बोलायला बसवलेस. त्याऐवजी सकाळची पेज रोज ठरल्या वेळी येऊ दे. स्कूटर स्टँडला लागल्याचा आवाज ऐकून धाकटा ताटावरून उठतो, हे नेमके आहे. तोच आवाज आणखी दोनदा आण. एकदा नुसता घास थांबावा, एकदा त्याचे लक्षही जाऊ नये. या दोहोंमध्ये एका रात्री तो पुन्हा अंथरूण ओले करो. आणि भीती सरली की मूल आधी हट्टी होते. तो आईवर ओरडतो, दार आपटतो, तो प्रसंग तू बिघाड म्हणून लिहिलास. खरे तर आता ओरडले तरी मार बसणार नाही, हे त्याला कळले आहे.

आता चुका. कुवेतवर इराकचा हल्ला झाला 2 ऑगस्ट 1990 रोजी. आपली माणसे बहुतेक बगदादमार्गे रस्त्याने अम्मानला आली आणि तिथून विमानाने मुंबईला. तुझे बापलेक मुंबईहून कोकण रेल्वेने येतात, पण ती पूर्ण सुरू झाली 1998 साली. त्यांना रात्रीच्या बसने आण. कुवेतमधल्या नुकसानभरपाईचे पैसेही लगेच नकोत. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा आयोग 1991 मध्ये नेमला गेला आणि रक्कम हाती पडायला पुढे कैक वर्षे गेली. तोवर घर कशावर चालले? आईच्या शिवणाच्या मशीनवर चालले असेल तर महिन्याचा जमाखर्च एका पानावर दिसू दे.

1991 मध्ये ती कोर्टातून संरक्षणाचा आदेश आणते, तेही जमणार नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 रोजी. तेव्हा फौजदारीचे 498-अ कलम होते, म्हणजे नवऱ्यावर पोलिसांत तक्रार. पण गोव्यातल्या बाईच्या हाती आणखी एक गोष्ट होती, ती तू वापरलीच नाहीस. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो आणि तिच्या सहीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. कर्जापायी तो घर विकायला निघतो आणि ती सही करत नाही: तुझ्या कादंबरीचा कणा इथे आहे. मात्र घर सासऱ्याच्याच नावावर राहिले असेल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली कारवाई, होऊन वाटे ठरावे लागतील, म्हणून मागच्या एखाद्या प्रकरणात ती उरकून घे.

छावणीतला आजार घेऊन आलेला थोरला ऑक्टोबरात जातो आणि 1991 च्या गणेशचवथीला तू माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधतेस. ती चवथ वर्षाच्या आत पडते, त्या घरात सण होणार नाही. ते प्रकरण रिकामेच ठेव, शेजारची आरती ऐकू येऊ दे. माटोळी 1992 ला बांध. सुपारीचे शिपटे, कांगले, आंबाडे, चिबूड, तोरंजन बाजारातून आईनेच आणावे. शिडीवर दर वर्षी थोरला चढायचा. यंदा धाकटा चढतो, बाप खाली शिडी धरून उभा. धाकट्याने एकदा खाली त्या हातांकडे बघावे आणि मग वरची गाठ मारावी. त्या वेळी कुणालाही बोलायला लावू नकोस.

दुरुस्त पाने चवथीआधी पाठव.

तुझी,
आई