गिरणीच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

उद्या तुम्ही वारीला निघाल. समोर उभं राहून आभार मानायला गेले की तुम्ही "अहो बाई, त्यात काय एवढं" म्हणून जात्याकडे वळता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. घरी चार्जिंगची सोय नसताना इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला तुम्ही काय दिलंत, हे पुण्यात आणखी काहींना तरी कळायला हवं.

गाडी घेतली तेव्हा सोसायटीत पॉइंट मिळेल असं मी धरूनच चालले होते. आमचे मीटर जिन्याखाली आणि गाडीची जागा मागच्या कंपाउंडला लागून. मधली वायर सामाईक भिंतीवरून न्यायची म्हटल्यावर आगीची भीती निघाली. ती खोटी नव्हती, म्हाताऱ्या माणसांना तसं वाटणारच. घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच सांगितलंय. तो कागद मी सभेत वाचून दाखवला. विषय पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्या पुढच्या.

मग वर्षभर चार्जर शोधत फिरणं. माझी बॅटरी २४ युनिटांची. फास्ट चार्जरवर १० वरून ८० टक्क्यांना तासभर लागतो, पण त्या तासाआधी रांग असते. मोबाइलमध्ये चार कंपन्यांची चार ॲप्स, प्रत्येक वॉलेटमध्ये दोनशे-तीनशे रुपये अडकलेले. ॲपवर चार्जर रिकामा दिसतो, जाऊन बघावं तर त्या जागेत कुणाची तरी डिझेलची गाडी. चार्जरची गन गाडीला लावून भाजी आणायला जावं तर परत येईपर्यंत चार्जिंग ४१ टक्क्यांवर थांबलेलं. १८ टक्के जीएसटी धरून युनिटला वीसच्या वर रुपये पडायचे, पण पैशाचं एवढं वाटलं नाही. रात्री दहाला मॉलच्या तळघरात, गाडीतल्या दिव्याखाली सहामाहीचे पेपर तपासताना, घरी सासूबाई जेवायच्या थांबल्या असतील या विचाराने जीव कासावीस व्हायचा. त्यांना गुडघ्यासाठी डेक्कनला न्यायचं असलं की आदल्या दिवशी मी एसी बंद ठेवून घरी यायची. कुठेही निघायचं म्हटलं की आधी टक्के मोजायचे.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला तो गुरुवार तुम्हाला आठवत असेल. देखभालीसाठी गेलेली लाइट संध्याकाळी आली, पण जवळचा चार्जर काही उठला नाही. गाडीत ६ टक्के. मी ज्वारीचा डबा न्यायला आले आणि तुम्ही विचारलंत, "बाई, चेहरा का उतरलाय?" मी सांगितलं. तुम्ही तिथेच हिशेब मांडलात, "माझी मोटर साडेसात हॉर्सपॉवरची. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तुमची गाडी तिच्या निम्मं ओढेल. आणि रात्री मोटर बंदच असते की."

प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग मिळत नव्हतं. माझा धीर सुटला. तुम्ही काही न बोलता मागच्या बाजूला गेलात. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा, उन्हाने माती कोरडीठक्क पडलेली. दोन बादल्या पाणी ओतलंत. माती बुडबुडे काढत पाणी पीत होती आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभे होतात. थोड्या वेळाने पुन्हा प्लग लावला, आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. त्या रात्री मी चालत घरी गेले आणि किती दिवसांनी शांत झोपले.

पुढच्याच आठवड्यात भाच्याला बोलावून तुम्ही स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), जाड सॉकेट आणि माझी युनिटं वेगळी मोजणारा सबमीटर बसवून घेतलात. त्याचे पैसे मी दिले, तेही भांडून. युनिटला तुम्हाला पडतो तोच दर घेता, वर एक रुपया नाही. पीठ किती तापलंय ते बघायला तुम्ही नळीखाली तळहात धरता आणि जास्त तापलं तर जातं सैल करता. तसाच माझ्या प्लगला अर्ध्या तासाने उलटा हात लावून बघता. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. एकदा चष्मा विसरला म्हणून परत आले होते, तेव्हा दिसलं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि तुम्ही वाकून प्लग चाचपत होतात.

सबमीटरचं रीडिंग आपण गिरणीतल्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितो. एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी माझी युनिटं. मागे पानं चाळून बघितली तर चौदा महिने भरलेत. या चौदा महिन्यांत सासूबाईंची एकही तारीख चुकली नाही. आता त्या काठी न घेता जिना उतरतात. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि डिंकाचे लाडू पिशवीत आहेत, ते वाटेत खा.

बोर्डाच्या पेटीची किल्ली तुम्ही माझ्याकडे ठेवून चाललात. पाऊस लांबला तर खड्ड्यात पाणी मी घालीन. अर्ध्या तासाने प्लगला हातही लावून बघीन. दिवे घाट चढताना घाई करू नका, पायांना रोज तेल लावा.

कालचं रीडिंग लिहून ठेवलंय, १८७४.

तुमची,
शाळेतल्या बाई